सातवी ब, पाचवी तासिका

ऑफिसच्या भिंतीवर वेळापत्रकाचा तक्ता आहे.
अकरा वर्षं तोच पुठ्ठा. संस्था काटकसरी.
विषय बदलत नाहीत, तासिका बदलत नाहीत,
नावं बदलतात. ती मी बदलतो.

सातवी ब, पाचवी तासिका, गणित:
त्या चौकोनावर व्हाइटनर इतका साचलाय
की डोळे मिटून बोट फिरवलं तरी
मला तो सापडतो.

जूनमध्ये तिथे ऐनापुरे सर होते.
अपूर्णांक शिकवताना खिशातून बेदाणे काढायचे,
घरच्या शेडवरचे,
वाटणी करून उरलेला एक
तोंडात टाकायचे. पोरं ओरडायची, बाकी शून्य!
ऑगस्टचा पगार झाला आणि ते पुण्याला क्लासवर गेले.
'नीट चाललंय' एवढाच मेसेज, तोही रात्री दीडला.

मग तांबोळी सर. एम.एस्सी., बी.एड.
बँकेत जमा अठरा हजार,
त्यातले सात दुसऱ्या दिवशी रोख परत,
माझ्या खणात.
मी मोजायचो. ते खिडकीतून विटा रोडकडे बघायचे,
ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर बागांकडे चाललेले असायचे.
नोटा मोजताना समोरच्याच्या तोंडाकडे बघू नये
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
दिवाळीनंतर ते आलेच नाहीत.
आता फायनान्सच्या वसुलीवर आहेत.
आमच्याच शिपायाचा हप्ता थकला तेव्हा
त्याच्या दारात उभे राहिले,
आणि आधी पाणी मागितलं.

त्यांची मूळ प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत.
किल्ली चेअरमनच्या सूनबाईंकडे.
पावतीवर सही माझी.

बिरनाळे मॅडम नोव्हेंबरात आल्या,
सातव्या महिन्यापर्यंत टिकल्या.
त्यांच्या सातव्या महिन्यापर्यंत.
'बाळंत होऊन या, मग बघू,' असं त्यांना सांगण्यात आलं.
सांगितलं मीच. शब्द वरून आले होते.

प्रत्येक नवा माणूस मागची वही चाळतो
आणि म्हणतो, पाया कच्चा आहे, पहिल्यापासून घेऊ.
तिसरा धडा तीनदा झाला.
नववा कुणीच घेतला नाही.
पोरं मात्र तयार झालीत.
खडू कुठल्या खणात, फळ्याचा कुठला कोपरा उठत नाही,
पंखा कितीवर ठेवला की कुरकुरत नाही,
पहिल्याच दिवशी नव्या माणसाला सगळं शिकवतात.
नाव तेवढं विचारत नाहीत.

परवा दुपारी, ऑफिसात कुणी नसताना,
मी तो चौकोन नखाने खरवडला.
पापुद्रे निघत गेले. बिरनाळे. तांबोळी.
मागच्या वर्षीचे कोण ते, ज्यांना सायकल होती.
मग आडनावं अर्धी, मग नुसत्या वेलांट्या,
आणि अगदी तळाला, निळ्या शाईत,
माझं.
दीड वर्ष शिकवलं होतं मी.
मग म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुमचं,
ऑफिसात बसा.

फेब्रुवारीत मुजावर मॅडम. वय तेवीस.
मिरजेहून येतात, सांगलीत एसटी बदलून.
त्यांचं नाव मी पेन्सिलीने लिहिलं.
त्यांनी बघितलं. म्हणाल्या, 'पेनात शाई नाही का?'
मी टेबलावर पेन शोधायचं सोंग केलं.
ते माझ्या खिशाला होतं.

तासगावात आता उन्हं चढलीत,
शेडवर जाळ्या भरल्यात, हवेला आंबूस गोड वास.
निकालपत्रकं लिहायला काढलीत.
'प्रगती समाधानकारक' असा शेरा
एकोणीस दिवसांच्या ओळखीवर द्यायचा आहे.

श्रेणिक मगदूम खडू न्यायला आला.
बालवाडीत असताना याच दारात रडायचा,
तेव्हापासून ओळखतो मी त्याला.
तक्त्याकडे बघत म्हणाला,
'सर, नववा धडा कुणाच्या वाटणीचा होता?'

मी त्याला दोन खडू जास्त दिले.

तो गेला नाही.